जुने मेल क्लाउडवर नेताना ठेवायचे कुठे?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री आहे. ऑफिसात चाळीसेक माणसं मेल वापरतात. २००६ पासून मेल आमच्याच एक्स्चेंज सर्व्हरवर होते, आता मायक्रोसॉफ्ट ३६५ वर जायचं ठरलं आहे. सर्व्हरवर फक्त गेल्या तीन-चार वर्षांचे मेल आहेत. त्याआधीचं सगळं ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर पीएसटी फायलींमध्ये पडून आहे आणि त्यांतल्या काही फायली नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या आहेत. व्हेंडर म्हणतो, पीएसटी ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) टाका, क्लाउडवर फक्त चालू मेल न्या. सीए म्हणतात, काहीही पुसू नका. मालक म्हणतात, इतकं जुनं लागतं कुणाला? आम्ही कुणाचं ऐकावं?
— लेखा विभागातील एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी निर्णय सांगतो, मग कारणं. पीएसटी फायलीत कायमचं असं काहीही ठेवू नका. कायद्यासाठी किंवा कामासाठी अजून लागू शकणारे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्याच आर्काइव्ह मेलबॉक्समध्ये न्या. त्याहून जुने, पण कंपनीची आठवण म्हणून किंवा ग्राहकाशी असलेल्या जबाबदारीपोटी जपायचे मेल खुल्या फॉरमॅटमध्ये काढून स्वस्त क्लाउड स्टोअरेजमध्ये ठेवा आणि त्यांची एक प्रत स्वतःच्या ताब्यात ठेवा. उरलेले मेल लेखी धोरण करून रीतसर पुसा.

या निर्णयामागे तीन कसोट्या आहेत. पाच वर्षांनी नव्याने आलेल्या माणसालाही तो मेल शोधता येईल का? तो कंपनीच्या ताब्यात राहील की एखाद्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपबरोबर निघून जाईल? आणि उद्या सेवा बदलायची झाली तर तो तिथून पूर्णपणे बाहेर काढता येईल का? कोणतीही जागा सुचवली गेली की ती आधी या तीन प्रश्नांवर घासून पाहा.

पीएसटीचं दुखणं

पीएसटी ही आउटलुकची स्वतःची साठवणीची फाइल. आउटलुक २००२ पर्यंत तिची मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडली की फाइल बिघडायची, अनेकदा उघडायचीच नाही. २००३ मध्ये युनिकोड पीएसटी आली, तिची ठरलेली मर्यादा २० जीबी होती आणि आउटलुक २०१० मध्ये ती ५० जीबी झाली. मात्र नवं आउटलुक टाकल्याने जुनी फाइल आपोआप नव्या प्रकारची होत नाही. त्यामुळे तुमच्या २००६ च्या आसपासच्या काही फायली अजूनही त्या २ जीबीच्या जुन्या प्रकारातल्या असू शकतात. त्या आधी वेगळ्या काढा.

व्हेंडरचा नॅसचा सल्ला सरळ नाकारा. पीएसटी नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून रोज उघडणं मायक्रोसॉफ्टच्या मते समर्थित नाही. ही फाइल एका वेळी एकालाच उघडता येते, आणि लिहिणं चालू असताना नेटवर्क तुटलं तर ती खराब होऊ शकते. तिचा पासवर्डही नावापुरता असतो. आणि चाळीस माणसांच्या फायलींत मिळून एकदम शोध घेण्याची सोय कुठेच नाही. म्हणजे वरच्या तीन कसोट्यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांवर पीएसटी इथेच नापास होते. सोडून गेलेल्या माणसाच्या फायली तर कोणत्या कपाटातल्या कोणत्या हार्ड डिस्कवर आहेत, हे माहीत असणारा माणूसही उद्या सोडून जाऊ शकतो.

जुना सर्व्हर तसाच चालू ठेवणं हाही पर्याय नाही. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. केवळ जुने मेल पाहण्यासाठी असा सर्व्हर इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं आहे.

आर्काइव्ह मेलबॉक्समध्ये काय मिळतं?

एक्स्चेंज २०१० पासून प्रत्येक माणसाच्या मुख्य मेलबॉक्सला जोडून दुसरा आर्काइव्ह मेलबॉक्स देता येतो. क्लाउडवर मुख्य मेलबॉक्स योजनेनुसार ५० किंवा १०० जीबीचा असतो. आर्काइव्हची जागा ५० जीबीपासून सुरू होते आणि वरच्या योजनांमध्ये ती गरजेप्रमाणे दीड टीबीपर्यंत वाढत जाते. हे वाढणं तात्काळ होत नाही, नवी जागा मिळायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे मोठ्या फायली एका शनिवार-रविवारात चढवण्याचा बेत करू नका.

खरा फायदा जागेचा नाही, शोधाचा आहे. अमुक पार्ट नंबर, अमुक ग्राहक, २०१४ ते २०१६ असा शोध कंपनीतला अधिकृत माणूस सगळ्या मेलबॉक्समध्ये एकदम घेऊ शकतो. फाउंड्रीसाठी हे फार मोलाचं आहे. ड्रॉइंगचं कोणतं रिव्हिजन ग्राहकाने मंजूर केलं, नमुन्याच्या कास्टिंगवर कोणता शेरा आला, कोणत्या ग्रेडला तोंडी नव्हे तर लेखी होकार मिळाला, हे बहुतेक वेळा मेलमध्येच असतं. कास्टिंग गाडीत किंवा पंपात बसल्यानंतर अनेक वर्षं वापरात राहतं आणि तक्रारही अनेक वर्षांनी येऊ शकते. ‘इतकं जुनं लागतं कुणाला’ या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. ते लागतं तेव्हा कंपनीच्या बाजूने उभा राहणारा तोच एक कागद असतो.

तोटेही माहीत असू द्या. आर्काइव्ह मेलबॉक्स इंटरनेटशिवाय उघडत नाही, मुख्य मेलबॉक्ससारखी त्याची प्रत कॉम्प्युटरवर राहत नाही. दुसरं म्हणजे तो बॅकअप नव्हे. कुणी मेल पुसला तर तो परत मिळवण्याची मुदत सुरुवातीला १४ दिवसांची असते आणि ती जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. त्यापुढचं संरक्षण हवं असेल तर मेल जपून ठेवण्याचं धोरण किंवा होल्ड लावावा लागतो. तिसरी गोष्ट सोडून जाणाऱ्या माणसाची. त्याचं लायसन्स काढलं की ३० दिवसांनी मेलबॉक्स नष्ट होतो. म्हणून राजीनामा आला की त्याचा मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदलायचा किंवा त्यावर होल्ड लावायचा, हे काम मनुष्यबळ विभागाच्या यादीत लिहूनच ठेवा. ५० जीबीपर्यंतच्या शेअर्ड मेलबॉक्सला वेगळं लायसन्स लागत नाही. आधीच गेलेल्या माणसांच्या पीएसटीसाठीही विभागवार शेअर्ड मेलबॉक्स करता येतील : खरेदी, विक्री, गुणवत्ता.

किती वर्षांचं ठेवायचं?

तुमची फाउंड्री प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांना जोडलेली व्हाउचरं मागच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त. प्रत्येक मेल म्हणजे व्हाउचर नव्हे. पण दरातला बदल, डेबिट नोटचं कारण किंवा पीओमधली दुरुस्ती मेलवरच ठरली असेल तर तो मेल त्या व्यवहाराचा भागच आहे.

त्यामुळे मागच्या आठ पूर्ण वर्षांचे आणि चालू वर्षाचे मेल आर्काइव्ह मेलबॉक्समध्ये, ही सोपी रेघ आखा. ग्राहकांशी केलेल्या करारांत गुणवत्तेची कागदपत्रं किती वर्षं ठेवायची हे लिहिलेलं असतं. तो आकडा मोठा असेल तर गुणवत्ता आणि डिझाइन विभागांसाठी तोच धरा.

‘काहीही पुसू नका’ हा सीएंचा सल्ला हिशेबाच्या नजरेतून योग्य आहे, पण तो अपुरा आहे. जुन्या मेलमध्ये उमेदवारांचे बायोडेटा, कामगारांची आधार कार्डं, वैद्यकीय दाखले, बँकेचे तपशील साचलेले असतात. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की हेतू संपला आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याची गरज नसली तर अशी माहिती पुसली पाहिजे. कारणाशिवाय जपलेली माहिती चोरीला गेली तर जबाबदारी तुमचीच. कोणत्या प्रकारचा मेल किती वर्षं ठेवायचा याचं एक पानी धोरण करा, त्यावर संचालकांची सही घ्या आणि मगच पुसायला हात घाला. वाद किंवा नोटीस चालू असलेल्या विषयातलं मात्र काहीही पुसू नका.

कोर्टात टिकेल अशा रीतीने

अनेक ऑफिसांत महत्त्वाचे मेल प्रिंट काढून किंवा पीडीएफ करून ठेवतात आणि मूळ मेल पुसून टाकतात. ते करू नका. मेलच्या मजकुरामागे हेडर असतो. मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला, कोणत्या मार्गाने आला, किती वाजता पोहोचला, हे पाकिटावरच्या टपाल खात्याच्या शिक्क्यांसारखं त्यात नोंदलेलं असतं. प्रिंटमध्ये ते जवळजवळ सगळं गळून जातं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंद जपताना हेच मागतं : नोंद मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवता येईल अशा स्वरूपात हवी, आणि ती कुठून निघाली, कुठे गेली, केव्हा पाठवली वा मिळाली हे ओळखता यायला हवं.

पुराव्याचा नियम महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने पक्का केला. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला आणि त्यात व्हिडिओ चित्रणाचा पुरावा कळीचा ठरला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच सादर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तिथल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. म्हणून क्लाउडवर चढवण्याआधीच प्रत्येक पीएसटीची शा-२५६ हॅश काढून नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवा.

आठ वर्षांपलीकडचं

त्याहून जुने आणि तरीही जपायचे मेल ईएमएल किंवा एमबॉक्स या खुल्या फॉरमॅटमध्ये काढा. ईएमएल फाइल म्हणजे इंटरनेटवरून जसा मेल प्रवास करतो तसाच तो, १९८२ मध्ये ठरलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या मानकानुसार लिहिलेला. तो वाचायला कोणत्याही एका कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून तिसऱ्या कसोटीवर हाच फॉरमॅट उतरतो.

या फायलींसाठी कोल्ड स्टोअरेज परवडतं. ॲमेझॉनच्या सर्वांत स्वस्त डीप आर्काइव्ह प्रकारात अमेरिकेतल्या केंद्रांवर १ टीबीला महिन्याला साधारण १ डॉलर पडतो. बदल्यात फाइल परत मिळायला सुमारे १२ तास थांबावं लागतं, आणि १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या काळाचं भाडं भरावं लागतं. मायक्रोसॉफ्ट अझूरच्या आर्काइव्ह प्रकारातही १८० दिवसांचीच अट आहे. अशा स्टोअरेजच्या आत शोध घेता येत नाही, म्हणून वर्ष, विभाग, ग्राहक आणि फाइलचं नाव अशी सूची करून ती वेगळी, सहज उघडेल अशी ठेवा. सूचीशिवाय हे स्टोअरेज निरुपयोगी आहे.

केंद्र निवडताना भारतातलं निवडा. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत. मुंबईत ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गूगल क्लाउड २०१७ मध्ये आलं. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. त्या पुस्तकांना आधार देणारे मेलही देशातच असले की पुढचे प्रश्न कमी होतात. आणि नॅस फेकू नका. त्याचं योग्य काम इथे आहे : रोज उघडण्यासाठी नव्हे, तर या खुल्या फायलींची कुलूपबंद दुसरी प्रत ठेवण्यासाठी.

जुन्या मराठी मेलची वेगळी काळजी

ही गोष्ट परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. २००६ च्या सुमारास मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टाइप होत असे. तो पडद्यावर देवनागरी दिसला तरी कॉम्प्युटरने साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट नसला की मजकूर अगम्य होतो आणि ‘थकबाकी’ किंवा ‘करार’ असा शोध घेतला तर एकही मेल हाती लागत नाही. युनियनशी, औद्योगिक विकास महामंडळाशी, वीज मंडळाशी झालेला तुमचा बराचसा पत्रव्यवहार असाच असेल. असे मेल आणि जोडपत्रं ओळखून त्यांची यादी करा, मूळ फाइलला हात न लावता युनिकोडमध्ये रूपांतर केलेली प्रत शेजारी ठेवा, आणि ज्या फॉन्टमध्ये मजकूर आहे त्या फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये जपा. हे काम तो पत्रव्यवहार हाताळलेली माणसं कंपनीत आहेत तोवरच नीट होईल.

कामाचा क्रम

सगळ्या कॉम्प्युटरवरच्या, पेनड्राइव्हवरच्या, जुन्या हार्ड डिस्कवरच्या पीएसटी गोळा करा. आधी हॅश, मग प्रत, आणि पुढचं सगळं काम प्रतीवरच. खराब फायली आउटलुकबरोबर येणाऱ्या स्कॅनपीएसटी या साधनाने दुरुस्त करून पाहा. चढवण्यासाठी मायक्रोसॉफ्टची इम्पोर्ट सेवा वापरा. तिच्यासाठी कोणती फाइल कोणत्या मेलबॉक्समध्ये जाणार याचा तक्ता करावा लागतो, आणि एकेक पीएसटी २० जीबीच्या आत ठेवणं श्रेयस्कर. १५० एमबीहून मोठा मेल चढत नाही, त्याची वेगळी नोंद घ्या. शेवटी फोल्डरवार मेलची संख्या दोन्हीकडे जुळवा. व्हेंडरला पूर्ण पैसे ती जुळल्यावरच द्या, आणि जुना सर्व्हर व डिस्क त्यानंतरही एक हिशेब वर्ष राखून ठेवा.

प्रश्न : माझा जीमेल भरला आहे. मुलगी शिकायला परदेशी गेली तेव्हापासूनची तिची पत्रं त्यात आहेत. जागा विकत न घेता ती जपता येतील का?
— एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : येतील. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटली जाते, त्यामुळे ती पत्रांनीच भरली असेल असं नाही. मोठे व्हिडिओ आणि जाहिरातींचे मेल आधी काढा. मुलीच्या पत्रांना एक लेबल लावा आणि गूगल टेकआउट या मोफत सेवेत फक्त ते लेबल निवडून पत्रं उतरवून घ्या. मिळणारी फाइल एमबॉक्स प्रकारची असते. उतरवण्याचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून तो आला की लगेच वापरा. थंडरबर्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडून पत्रं नीट दिसतात ना, हे पाहा. मगच एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी मुलीकडे पाठवा.

दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं. त्यासाठी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय आहे. ठरावीक काळ खातं वापरलं गेलं नाही तर त्यातला मजकूर कुणाला मिळावा, हे तिथे आधीच सांगता येतं. मुलीचं नाव तिथे आजच घाला.

घर असो वा कारखाना, सर्व वाचकांना एकच विनंती. दरवर्षी एप्रिलमध्ये दहा वर्षांपूर्वीचा एक मेल, त्याच्या जोडपत्रासह, तुमच्या साठवणीतून शोधून उघडून पाहा. तो उघडला नाही तर त्याच आठवड्यात दुरुस्ती करून घ्या.